क्लास पाऊण तासाचा, सराव आठवड्याचा : पियानो शिकताना घर आणि शिकवणी यांची सांगड

पियानोच्या क्लासला आठवड्यातून एकदा जाणारा विद्यार्थी शिक्षकांसमोर फार तर पाऊण तास बसतो. आठवड्याची मिनिटे १०,०८०. त्यांतील ही ४५ वजा केली की उरलेल्या सगळ्या काळात त्याला शिकवणारा तोच एकटा असतो, आणि बहुतेकांचे घोडे तिथेच पेंड खाते. रोज तासभर वाजवूनही त्याच तीन जागा महिनोन्‌महिने चुकत राहतात, शिक्षक दर खेपेस तीच सूचना पेन्सिलीने पुन्हा गिरवतात आणि शेवटी दोघेही कंटाळतात. मी लहानपणी पुण्याच्या नारायण पेठेत पेटी शिकलो आणि चाळिशी उलटल्यावर कॅम्पात पियानो शिकायला जाऊ लागलो. या दुसऱ्या विद्यार्थिदशेत एक गोष्ट मला उशिरा कळली, ती अशी की क्लासमध्ये रचना शिकण्यापेक्षा ती घरी कशी बसवायची हे शिकून घ्यावे, आणि घरी सराव असा करावा की पुढच्या क्लासला जाताना आपल्याजवळ नेमका प्रश्न असेल. पुढचे विवेचन याच एका गोष्टीच्या तपशिलाचे आहे.

पेटीवरचा हात पियानोवर येताना

पुण्यात पियानोकडे वळणाऱ्या पुष्कळांच्या घरी आधीपासून पेटी असते, आणि तिचा फायदा मोठा आहे. कान तयार असतो, पट्ट्या ओळखीच्या असतात. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ, एवढे जुळवून घेतले की पियानोची पट्टी परकी वाटत नाही. मात्र हात ज्या सवयी बरोबर घेऊन येतो त्यांतल्या काही इथे आड येतात. पेटीत आवाज लहानमोठा होतो तो भात्यामुळे; पट्टी हळुवार दाबली काय किंवा जोरात दाबली काय, स्वरात फरक पडत नाही. पियानोत पट्टी किती वेगाने खाली जाते यावर आतला हातोडा तारेवर किती वेगाने आदळणार हे ठरते आणि तेवढ्यावरच आवाजाची पातळी अवलंबून असते. हातोडा आदळून मागे फिरला की स्वर विझायला लागतो; त्यानंतर पट्टी कितीही दाबून धरली तरी तो वाढवता येत नाही. म्हणून पेटीवाल्याने पहिले काही आठवडे एकच स्वर पाच वेगवेगळ्या पातळ्यांवर वाजवून पाहण्यात घालवावेत, त्यात कमीपणा मानू नये.

दुसरी अडचण अंगठ्याची. माझ्या पेटीच्या गुरुजींकडे अंगठा फारसा कामाला लावला जात नसे, तर पियानोत अंगठ्यालाच १ क्रमांक आहे आणि करंगळीला ५. उजव्या हाताने सी मेजर स्केल (म्हणजे सीपासून सुरू होणारी स्वरांची मालिका) वर चढवताना बोटे १-२-३ आणि मग अंगठा तळहाताखालून सरकवून १-२-३-४-५ अशी जातात. हा अंगठा सरकवताना कोपर उचलला जातो आणि स्वराला धक्का बसतो, हे बहुतेक नवशिक्यांच्या बाबतीत घडते. संगीतकार शोपॅन आपल्या शिष्यांना सी मेजरऐवजी बी मेजर स्केलपासून सुरुवात करायला लावत असे, कारण त्यात लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड बोटे पांढऱ्या पट्ट्यांवर आपसूक पडतात व हाताचा नैसर्गिक आकार मोडत नाही. वाचायला सी मेजर सोपी आणि हाताला बी मेजर सोपी, ही गंमत शिक्षकांना विचारून एकदा स्वतः करून पाहावी.

वाद्याबद्दल थोडक्यात सांगतो. घरी खराखुरा पियानो नसेल तर चालेल, परंतु डिजिटल पियानो ८८ पट्ट्यांचा आणि वजनदार पट्ट्यांचा असावा. ६१ हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर बोटांना वर सांगितलेला फरक कधीच कळत नाही. खरा पियानो असेल तर पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे आतली लाकडी फळी फुगते आणि स्वर चढतात, तर उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत ते उतरतात. म्हणून बाहेरच्या ओलसर भिंतीला वाद्य टेकवू नये आणि पावसाळा संपून हवा स्थिर झाल्यावर ट्युनिंग करून घ्यावे. डिजिटल पियानोचा पुण्यात एक जास्तीचा उपयोग आहे. दुपारी एक ते चार या वेळेत कोणत्याही वाद्याला हात लावणे म्हणजे सोसायटीच्या पुढच्या सभेत आपला विषय आपणच लावून घेणे. हेडफोनमुळे तो प्रसंग टळतो. गणपतीच्या आधीचे दोन महिने नदीकाठी ढोल-ताशांचा सराव चालू असतो, तेव्हाही तो उपयोगी पडतो.

एक छोटी रचना कशी बसवावी

उदाहरणादाखल जी मेजरमधील तो प्रसिद्ध मिन्युएट घेऊ, जो जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी पहिल्या एकदोन वर्षांत शिकतो. संगीतकार योहान सेबास्टियन बाख याने १७२५ साली पत्नी आना माग्दालेना हिच्यासाठी सुरू केलेल्या वहीत तो असल्यामुळे दीर्घकाळ बाखचाच समजला गेला. प्रत्यक्षात तो क्रिस्टियान पेट्झोल्ड याचा आहे. रचना ३२ बारांची (बार म्हणजे स्वरलेखनातील दोन उभ्या रेघांमधला भाग), दर बारात तीन मात्रांची आणि दिसायला सोपी आहे. बहुतेक जण ती पहिल्या बारापासून शेवटपर्यंत वाजवू लागतात, अडले की पुन्हा पहिल्या बारावर येतात, आणि महिन्याभरात पहिले आठ बार शंभरदा व शेवटचे आठ बार दहादा वाजवलेले असतात. सुरुवात झोकात आणि शेवट चाचपडत, असे जे वादन ऐकू येते त्याचे कारण एवढेच असते.

त्याऐवजी पहिल्या दिवशी वाद्याला हात न लावता पेन्सिल घेऊन बसावे. उजव्या हाताचे ९ ते १४ हे बार १ ते ६ सारखेच आहेत, म्हणजे ते वेगळे शिकण्याची गरज नाही. डावा हात मात्र तिथे बदलतो. या रचनेतली सर्वांत जास्त घसरगुंडी इथेच होते, कारण उजवा हात ओळखीच्या वाटेने निघाला की डावाही त्याच्यामागे जुन्या वाटेला लागतो. १७व्या बारापासून दुसरा भाग सुरू होतो, चाल डी मेजरकडे झुकते आणि सी शार्प डोकावू लागतो. हे सगळे वाचूनच कळते. कोथरूडहून कॅम्पात जाताना मेट्रोत बसून मी पानावर असल्या खुणा करतो. शेजारचे कधीकधी गणित सोडवतो आहे असे समजतात.

मग बोटांचे क्रमांक ठरवावेत. पहिल्या बारात डी, जी, ए, बी, सी यांना ५-१-२-३-४ ही बोटे पडतात आणि दुसऱ्या बाराच्या डीवर पुन्हा ५ येते. एकदा ठरलेले बोट शिक्षकांच्या संमतीशिवाय बदलू नये. सोमवारी तिसरे आणि मंगळवारी चौथे बोट वापरणारा माणूस एकच रचना दोनदा शिकत असतो, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

प्रत्यक्ष बसवताना तुकडा लहान घ्यावा, दोन बार आणि त्यांच्या पुढच्या बाराचा पहिला स्वर एवढाच. हा पुढचा एक स्वर महत्त्वाचा आहे. तो घेतला नाही तर तुकडे चांगले येतात आणि सांधे निखळतात. शेवटच्या चार बारांपासून सुरुवात करून मागे मागे येत गेले तर वाजवताना नेहमी अनोळखीकडून ओळखीच्या प्रदेशात जाणे होते आणि मनावरचा ताण उतरत जातो. लय इतकी विलंबित ठेवावी की पुढचा स्वर कोणता आणि कोणत्या बोटाचा हे बोट हलण्याआधी मनात उमटेल. मात्र विलंबित म्हणजे ढिले नव्हे. स्पर्श, स्वरांची लांबी आणि मिन्युएटमधली पहिल्या मात्रेवरची किंचित वजनदारी ही सगळी तीच ठेवून फक्त लय उतरवायची असते.

मेट्रोनोम (ठोके देणारे लययंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून तुकडा सलग पाचदा निर्दोष आला की ६४ वर जावे, आणि तिथे बिघडला तर मुकाट्याने परत यावे. मोजण्यासाठी मी पाच चिंचोके पियानोच्या डाव्या कडेला ठेवतो. तुकडा बरोबर आला की एक चिंचोका उजवीकडे सरकतो आणि चूक झाली की सगळे परत डावीकडे येतात. उजवीकडे चार जमल्यानंतरची पाचवी खेप वाजवताना हात जे कापू लागतात, तो परीक्षेच्या खोलीचा अनुभव घरबसल्या फुकट मिळतो.

एका तुकड्यावर पाचसात मिनिटांहून अधिक वेळ घालवू नये. दुसरा तुकडा, मग स्केल, मग पुन्हा पहिला तुकडा, असे फिरत राहावे. १९७९ साली शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचालींवर एक प्रयोग केला होता. एकच हालचाल सलग घोटणाऱ्यांची कामगिरी सरावाच्या वेळी चांगली दिसली, परंतु काही दिवसांनी तपासले तेव्हा हालचाली आलटूनपालटून करणाऱ्यांना त्या अधिक चांगल्या येत होत्या. सराव करताना जे सफाईदार वाटते ते टिकतेच असे नाही. याच कारणाने रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोज सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस मिनिटे बसलेले अधिक लाभते. सात-आठ वर्षांच्या मुलांना तर एका वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरतात; पालकांनी शेजारी बसावे, पण चूक झाली की लगेच 'अगं, चुकलं!' असे ओरडू नये, कारण ती चूक मुलीला स्वतःला ऐकू येणे हाच त्या वेळचा अभ्यास असतो.

चूक कोणत्या जातीची आहे?

अडखळल्यावर आपण सवयीने तोच स्वर पुन्हा दाबून पुढे जातो. या दुरुस्तीने काहीच दुरुस्त होत नाही. उलट अडखळणे आणि पुन्हा दाबणे हेच रचनेचा भाग म्हणून हाताला पाठ होते. अडखळल्यावर थांबून चुकीला नाव द्यावे. स्वर वाचण्यात चूक झाली असेल तर हात बाजूला ठेवून त्या बाराचे स्वर मोठ्याने म्हणावेत. बोटाची चूक असेल तर ती बहुधा ऐकू आली त्या जागी नसून दोन-तीन स्वर आधी झालेली असते. तिथे चुकीचे बोट पडल्यामुळे पुढे बोटेच उरलेली नसतात. हात दूर उडी घेताना चुकत असेल तर स्वर न वाजवता नुसती उडी घेऊन पट्टीवर बोट टेकवून थांबावे, मग वाजवावे. दोन्ही हात वेगवेगळे व्यवस्थित येतात पण एकत्र आले की बिघडतात, असे असेल तर एक हात वाजवावा आणि दुसऱ्याने मांडीवर ताल धरावा, नंतर अदलाबदल करावी. त्याही पुढे एका हाताचे स्वर वाजवत दुसऱ्या हाताची ओळ गुणगुणता आली तर ती जागा पक्की झाली असे समजण्यास हरकत नाही. आणि लयीची चूक असेल तर टाळी देऊन तो तुकडा नुसता म्हणावा. आपल्याकडे ताल हातावर धरण्याची सवय लहानपणापासून असते, ती इथे मुक्तहस्ताने वापरावी.

यांपैकी कोणतीच जात लागू पडत नसेल तर ती जागा पेन्सिलीने गोल करून सोडून द्यावी. तोच आपला क्लासला न्यायचा प्रश्न.

मनगट किंवा हाताचा पुढचा भाग दुखू लागला तर मात्र त्याच क्षणी थांबावे. पियानोत दुखणे सोसण्यात पुरुषार्थ नाही.

क्लासमधला पाऊण तास

माझ्या शिक्षिकांना लहानमोठे सगळेच विद्यार्थी 'मिस' म्हणतात. सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा त्यांच्यासमोर फार वाईट वाजवले आणि सगळे विद्यार्थी म्हणतात तेच म्हणालो, "मिस, घरी बरोबर येत होतं." त्यांनी शांतपणे विचारले, "घरी कितव्या खेपेला बरोबर येत होतं तुम्हाला?" मी मनात हिशेब केला, साधारण सहाव्या. क्लासमध्ये, परीक्षेत आणि मैफलीत मिळते ती फक्त पहिली खेप. तेव्हापासून दिवसाची पहिली खेप मी कोणतीही तयारी न करता फोनवर ध्वनिमुद्रित करतो आणि लगेच ऐकतो. ते ऐकणे सुखाचे नसते, परंतु त्या दिवशी कशावर काम करायचे हे त्यातून दोन मिनिटांत ठरते. वाजवत असताना आपण आपल्या मनातले संगीत ऐकत असतो, फोन मात्र प्रत्यक्षात वाजलेले ऐकवतो.

क्लासला वही न्यावी आणि पहिल्या पाच मिनिटांत मागच्या आठवड्यात काय केले व कुठे अडले ते सांगावे. 'अवघड जातं आहे' हा प्रश्न होत नाही. 'बाराव्या बारात डावा हात वेगळा असूनही चौथ्या बारासारखा वाजतो. ६० वर जमते, ७२ वर बिघडते' हा प्रश्न आहे, आणि असा प्रश्न आला की शिक्षकांनाही हुरूप येतो. त्यांनी जागा सोडवून दाखवली की 'कळलं' म्हणून मान डोलवण्याआधी आणखी एक विचारावे : हे मी घरी कसे घोटू? किती वेळा, कोणत्या लयीत, कोणता हात आधी? याहून चांगला उपाय म्हणजे महिन्यातून एकदा शिक्षकांना विनंती करून त्यांच्यासमोर दहा मिनिटे रचना सादर न करता घरच्यासारखा सराव करावा. आपण अडल्यावर काय करतो, कुठे परत जातो, लय कधी नकळत वाढवतो, हे त्यांना वादनातून दिसत नाही. पहिल्यांदा असे केले तेव्हा मिसनी तिसऱ्याच मिनिटाला मला थांबवले. मी प्रत्येक तुकडा संपल्यावर न थांबता लगेच पुढची खेप सुरू करत होतो, म्हणजे झालेली खेप ऐकतच नव्हतो.

सूचना मिळाल्यावर तिचे समर्थन किंवा खंडन करत बसू नये. ती करून पाहावी. इंटरनेटवर कोणी तरी वेगळे सांगितलेले असते आणि ते चूक असते असेही नाही, परंतु दोन वैद्यांची औषधे एकाच वेळी घेऊ नयेत. आठवडाभर शिक्षकांच्या पद्धतीने केल्यानंतर शंका उरली तर ती जरूर विचारावी. परंपरेने आपल्या मनात गुरूंना उलट न विचारण्याचा जो धाक असतो, तो पियानोच्या क्लासमध्ये आदरापुरता ठेवावा. आणि क्लास झाला त्याच संध्याकाळी, कितीही दमणूक झाली असली तरी, पंधरा मिनिटे बसावे. मनगट कसे वळवले, ते दोन स्वर कसे जोडले, हे दुसऱ्या दिवशी शब्दांत आठवते पण हाताला आठवत नाही.

शिक्षक निवडताना त्यांचे वादन ऐकावेच, पण शक्य झाल्यास त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याचा क्लास परवानगीने बसून पाहावा. माझे पियानोचे अगदी पहिले शिक्षक उत्तम वाजवत. ते संपूर्ण रचना वाजवून दाखवत, 'असं वाजवा' म्हणत आणि पुढच्या आठवड्याची वेळ सांगत. वर्षभरात मी त्यांचे वादन भरपूर ऐकले आणि स्वतः फारसे काही शिकलो नाही. विद्यार्थी चुकल्यावर शिक्षक काय करतात याकडे लक्ष ठेवावे. ते पुन्हा स्वतः वाजवून दाखवतात, की चुकीचे कारण विद्यार्थ्याकडूनच शोधून घेतात?

परीक्षा द्यायची असेल तर

पुण्यातील बरेच विद्यार्थी ए.बी.आर.एस.एम. किंवा ट्रिनिटी या लंडनच्या संस्थांच्या परीक्षांना बसतात. पालकांना त्यांचा सोस अधिक असतो, हे नमूद केलेच पाहिजे. ए.बी.आर.एस.एम.च्या प्रॅक्टिकल परीक्षेत एकूण १५० गुण असतात. तीन रचनांना प्रत्येकी ३० म्हणजे ९०, आणि उरलेले ६० गुण स्केल, साइट-रीडिंग (न पाहिलेली ओळ समोर आली की वाचत वाजवणे) आणि श्रवणचाचणी यांना. उत्तीर्ण होण्यास १०० गुण लागतात. म्हणजे तिन्ही रचनांत पैकीच्या पैकी मिळवूनही केवळ त्यांच्या जोरावर कोणी उत्तीर्ण होऊ शकत नाही, आणि तरीही वर्षभर तीन रचना घोटून बाकीच्या गोष्टी शेवटच्या महिन्यावर ढकलणारी मुले दरवर्षी भेटतात. साइट-रीडिंगसाठी रोज एक नवी, आपल्या पातळीहून दोन पायऱ्या सोपी ओळ न थांबता वाजवावी; चुकले तरी थांबायचे नाही, कारण इथे न थांबण्याचाच अभ्यास आहे. ए.बी.आर.एस.एम.ची सहावी ग्रेड द्यायची तर त्याआधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा तिच्याऐवजी चालणारी परीक्षा उत्तीर्ण असावी लागते, हेही वेळापत्रक आखताना लक्षात घ्यावे. दोन परीक्षांच्या मध्ये निदान काही महिने अभ्यासक्रमाबाहेरचे वाजवण्यासाठी राखून ठेवावेत, नाहीतर पाच वर्षांत पाच ग्रेड आणि येणाऱ्या रचना पंधरा, असा हिशेब होतो.

दुसऱ्यांसमोर वाजवताना

ऐकणे हाही सरावाचाच भाग आहे. कॅम्पातील माझदा हॉलमध्ये पूना म्युझिक सोसायटीच्या मैफली होत आल्या आहेत. तिथे गेल्यावर वादकाच्या हातांबरोबर पायांकडेही पाहावे आणि पेडल (स्वर लांबवण्यासाठी पायाने दाबायची पट्टी) कधी सोडले जाते ते कानांनी टिपावे. स्वतः वाजवण्याची वेळ येण्याआधी रचनेत चार-पाच ठिकाणे अशी पक्की करावीत, जिथून विचारताक्षणी सुरुवात करता येईल. मिन्युएटमध्ये १, ९, १७ आणि २५ हे बार त्यासाठी सोयीचे आहेत. केवळ बोटांच्या सवयीवर पाठ झालेली रचना मध्येच तुटली तर सुरुवातीलाच परतावे लागते. ठिकाणे पक्की असतील तर पुढच्या ठिकाणावर उडी घेता येते आणि श्रोत्यांपैकी अनेकांना ते कळतही नाही. आठवडाभर आधीपासून घरच्यांना, शेजारच्या काकूंना, आलेल्या पाहुण्यांना एकेक पहिली खेप ऐकवावी.

सभागृहातला पियानो घरच्यासारखा नसतो; त्याच्या पट्ट्या जड किंवा हलक्या असतात आणि पेडल वेगळ्या खोलीवर पकडते. संयोजकांना विचारून आधी पाच मिनिटे मागून घ्यावीत आणि त्या पाच मिनिटांत आपली रचना वाजवू नये. एक स्केल अगदी हळू आवाजात आणि एक मोठ्याने वाजवावी, पेडल तीन-चारदा दाबून पाहावे. नाव पुकारल्यावर बसताना बाकाची उंची तपासावी, कारण आपल्या आधी बहुधा एखादे आठ वर्षांचे मूल वाजवून गेलेले असते आणि बाक त्याच्या मापाचे असते.